करवत, रंधा आणि विजेची गिटार

(ज्ञातिसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. विश्वकर्म्याचे पूजन करणाऱ्या, करवत व रंधा यांवर पिढ्यान्‌पिढ्या उदरनिर्वाह केलेल्या आपल्या सुतार समाजाच्या संमेलनात विजेवर वाजणाऱ्या पाश्चात्त्य वाद्याची कथा कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रथमच देऊन ठेवतो. ही कथा वाद्याची आहे त्याहून लाकडाची अधिक आहे, आणि लाकडाची आहे त्याहून बापलेकांची अधिक आहे. शिवाय आपल्या सभागृहामागील रिकाम्या खोलीचे काय करावयाचे, हा प्रश्न आज सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. माझ्या बोलण्याचा त्या प्रश्नाशी निकट संबंध आहे, हे शेवटी आपल्या ध्यानी येईल.

लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम या उपनगरात हॅरोल्ड मे नावाचे एक मध्यमवर्गीय गृहस्थ राहत असत. सरकारच्या विमानविषयक खात्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणारा हा मनुष्य मोठा हरहुन्नरी होता. त्यांचा एकुलता एक मुलगा ब्रायन याचा जन्म १९ जुलै १९४७ चा. मुलाला तंतुवाद्याचे वेड लागले. साधी लाकडी गिटार त्यास लहानपणीच मिळाली होती. परंतु कानांत घुमत होता तो विजेच्या गिटारीचा नाद. अमेरिकन कारखान्यांची तयार गिटार विकत घेणे त्या घराच्या ऐपतीबाहेरचे होते. अशा वेळी बहुतेक घरांत दोनच गोष्टी घडतात. एक तर मुलाचा हट्ट मोडला जातो, नाही तर कर्ज काढून तो पुरविला जातो. या घरात तिसरी गोष्ट घडली. बापलेकांनी ती गिटार स्वतः घडविण्याचे ठरविले. १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात काम सुरू झाले, आणि ते पुरे होण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

आता सामान कोणते, ते ऐका. जुन्या घरातील भिंतीतल्या शेकोटीभोवतालची महोगनीची चौकट काढून टाकलेली होती. तिच्या लाकडातून गिटारीची दांडी कोरून काढली. त्या जुनाट लाकडास किडीने पाडलेली भोके होती. ती आगकाड्यांनी बुजविली. धडाच्या मध्यभागी एका जुन्या टेबलाचे ओक लाकूड घातले, भोवती जोडफळ्या लावून आत पोकळ्या ठेवल्या, आणि वर महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवून सर्व अंग एकसारखे केले. स्वरांच्या जागा दाखविणारे ठिपके आईच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्यांच्या गुंड्यांचे. तारांना कंप देणाऱ्या यंत्रणेस १९२८ सालच्या एका मोटारसायकलीच्या स्प्रिंगा बसविल्या. तिची मूठ सायकलच्या खोगिराजवळच्या पिशवीच्या दांडीची, आणि मुठीचे टोक विणकामाच्या सुईचे. एकूण खर्च आला सुमारे आठ पौंड. आपल्या आजोबांच्या पडवीत असेच सामान पडलेले असे, आणि ‘असू दे, कामास येईल’ हेच वाक्य तेथेही ऐकू येई, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको.

विजेच्या गिटारीत वीज नेमके काय करते, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्या सतारीस वा तंबोऱ्यास भोपळा लागतो, कारण तारेचा क्षीण नाद त्या पोकळीमुळे भरदार होतो. विजेच्या गिटारीचे हे काम निराळ्या मार्गाने होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकत्व कमीजास्त झाले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. गिटारीच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक ठेवतात, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे देतात. वर तार थरथरली की चुंबकक्षेत्र त्याच लयीत थरथरते, आणि वेढ्यांतून तशीच थरथरणारी अत्यल्प वीज वाहते. तीच वर्धकयंत्रात वाढवून कर्ण्यातून ऐकू येते. म्हणून या वाद्याची तार पितळेची किंवा नायलॉनची चालत नाही, लोहजातीचीच लागते. याच तत्त्वावरील एका वाद्याचे पेटंट अमेरिकेत १९३७ मध्ये जॉर्ज बोशॅम्प यांस मिळाले. लेस पॉल नावाच्या वादकाने तर १९४१ च्या सुमारास चार इंच रुंद व चार इंच जाड अशा पाइन लाकडाच्या सरळ ओंडक्यावर तारा ताणून असे वाद्य वाजवून दाखविले. तात्पर्य, भोपळ्यावाचूनही नाद मिळतो. पण लाकूड मात्र सरळ, सुके आणि तारांची ओढ सोसणारे असावे लागते. सहा तारांची एकत्रित ओढ चाळीस किलोच्या आसपास जाते. यास्तव दांडीच्या पोटात पोलादी सळई घालतात.

या कामात सर्वांत अवघड भाग कोणता, असे विचाराल, तर तो पडद्यांचा. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारीचे पडदे एकदा ठोकले की ठोकले. तेथे कान उपयोगी पडत नाही, गणितच लागते. सप्तकात बारा स्वर. प्रत्येक स्वर मागच्यापेक्षा सारख्याच पटीने चढावा, आणि बाराव्या पायरीस दुप्पट व्हावा, असा हा हिशोब आहे. शाळेत आपण जिला भूमितिश्रेढी म्हणतो, ती हीच. व्यवहारात नियम असा की, उरलेल्या तारेच्या लांबीस १७.८१७ ने भागावे. येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. मे पितापुत्रांच्या गिटारीत तारेची लांबी २४ इंच होती. पहिला पडदा १.३४७ इंचावर, उरले २२.६५३ इंच, दुसरा त्याच्यापुढे १.२७१ इंचावर. असे करीत गेल्यास बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे १२ इंचांवर येतो, आणि चोविसावा १८ इंचांवर. मापे घेताना मात्र एका पडद्यापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी सरकवीत जाऊ नये. सर्व मापे एकाच टोकापासून घ्यावीत. नाही तर प्रत्येक वेळची केसभर चूक साठत जाते, आणि वरचे स्वर बेसूर होतात. हा नियम दाराची चौकट मारणाऱ्या आपल्या कारागिरांस अवगत होता. भूमितिश्रेढी हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल. गुण्या आणि दोरी यांनी ते तिच्याच घरात वावरत होते. आमच्या शाळांतून हा शब्द मुलांस पाठ असतो, पण त्याचे लाकडावर काय होते, ते ठाऊक नसते. हाताचे आणि डोक्याचे हे विभक्त घर पुन्हा एकत्र आणणे, हेच माझ्या आजच्या बोलण्याचे सूत्र आहे.

ब्रायनने चुंबकांभोवती तांब्याची तार स्वतः गुंडाळून पहिले पिकअपही घरीच केले होते. त्यांचा आवाज गोड होता. परंतु तार आडवी ओढून मींड घेतली की खरखर येई. तेव्हा त्याने ते बाजूस ठेवून बर्न्स या इंग्रज कारखान्याचे तीन पिकअप विकत घेतले, आणि त्यांत एपॉक्सी डिंक भरून अनावश्यक गुंजन बंद केले. सर्व काही स्वतःच केले पाहिजे, असा दुराग्रह त्याने धरला नाही. जे उत्तम करता येते ते करावे, जे येत नाही ते ओळखून विकत घ्यावे, ही खऱ्या कारागिराची वृत्ती होय.

येथवरची कथा गोड आहे. पुढची तितकी गोड नाही. ब्रायन शिकून लंडनच्या इंपीरियल कॉलेजात खगोलभौतिकीचे संशोधन करू लागला. त्याच सुमारास, १९७० मध्ये, त्याचे ‘क्वीन’ हे वाद्यवृंदमंडळ उभे राहिले. त्यातील प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारुख बलसारा, हे पारशी कुळातले. त्यांच्या विद्यार्थिदशेतील काही वर्षे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत गेली, ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांस ठाऊक आहे. वृंदाचा जम बसू लागताच १९७४ मध्ये ब्रायनने डॉक्टरेटचे काम अर्धवट सोडले. ज्या पित्याने दोन वर्षे आपल्या हातांनी ती गिटार घडविण्यास साहाय्य केले, त्यालाच मुलाने गिटारीवर पोट भरावे हे रुचले नाही. इतके शिक्षण वाया जाते, याचे त्यास अतोनात दुःख झाले, आणि दीर्घ काळ बापलेकांत दुरावा राहिला. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील भव्य कार्यक्रमास मुलाने आईवडिलांस नेले. तो जनसमुदाय डोळ्यांनी पाहिल्यावर पित्याने मुलाचा हात हाती घेतला, आणि आता आपणास समजले, अशा अर्थाचे उद्गार काढले.

बंधुभगिनींनो, या प्रसंगात कोण चुकले, याचा निवाडा मला करावयाचा नाही. शिक्षणाने घराची स्थिती पालटते, हे आपल्या समाजाने सोसून शिकलेले सत्य आहे. त्या पित्याची चिंता आपणां सर्वांची चिंता आहे. पण मौज पाहा. ब्रायन मे यांनी ते सोडलेले संशोधन तीस वर्षांनंतर पुन्हा हाती घेतले, आणि सूर्यमालेतील धूलिकणांवरील प्रबंध पुरा करून २००७ मध्ये डॉक्टरेट मिळविली. जून २००२ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्यांनी राष्ट्रगीत वाजविले, ते याच किडक्या महोगनीच्या गिटारीवर. २०२३ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. ज्ञान आणि हस्तकौशल्य यांत सवतीमत्सर नाही. तो आपण लावून देतो.

अर्थात, घरी गिटार घडविणारा प्रत्येक मुलगा राजवाड्याच्या गच्चीवर जाईल, असे मी सांगत नाही. हजारांतला एकही जाणार नाही. लाभ निराळाच आहे. दोन वर्षे एका वस्तूवर मन लावून काम करणे, चुकलेली पटाशी सावरणे, गणिताची पडताळणी स्वतःच्या कानांनी करणे, आणि वडिलांच्या शेजारी एकाच कामाच्या बाकावर उभे राहणे, हा लाभ गुणपत्रिकेत दिसत नाही म्हणून तो लहान ठरत नाही.

आपल्या कित्येक घरांत वाकस, रंधा, पटाशी ही हत्यारे आता केवळ दसऱ्याला खाली उतरतात, झेंडू वाहून पुन्हा माळ्यावर जातात. हाताचे काम हलके, ही समजूत आपल्यावर बाहेरून लादली गेली होती. तीच आपण आज आपल्या मुलांच्या मनावर आपल्या हातांनी लादीत आहोत. ज्या शिसवीचे देव्हारे आपल्या पूर्वजांनी घडविले, ती भारतीय शिसवी गिटारीच्या दांडीवरील पट्टीसाठी जगभर वाखाणली जाते. लाकूड आपले, हात आपले, आणि मुलाने दुकानातून तयार वाद्य आणावे, याहून दुर्दैव कोणते?

तरुणांस दोन सावधगिरीच्या सूचना. गिटारीतील वीज अत्यल्प असते, तिच्यापासून अपाय नाही. परंतु वर्धकयंत्र घरच्या विजेवर चालते. ते उघडण्याचा प्रयोग जाणत्या माणसावाचून करू नये, आणि अर्थिंगची जोडणी कधीही टाळू नये. दुसरे असे की, ओले लाकूड वापरू नये. चांगले मुरलेले, सरळ धाग्याचे लाकूड निवडावे. जुन्या शेकोटीची चौकटही उत्तम कामास येते, हे मे पितापुत्रांनी सिद्ध केलेच आहे.

आता त्या खोलीविषयी. ती दुकानास भाड्याने द्यावी, असा एक विचार सभासदांत आहे. मंडळास उत्पन्न हवे, हे मलाही मान्य आहे. तथापि माझी नम्र सूचना अशी की, निदान दोन वर्षे ती खोली समाजाची कार्यशाळा म्हणून ठेवावी. दोन भक्कम बाक, एक शेगडा, आणि घराघरांतून माळ्यावरची हत्यारे, एवढ्या भांडवलावर प्रारंभ होईल. आठवड्यातून एक दिवस आपले वृद्ध कारागीर तेथे बसतील. शिकण्यास मुलगे यावेत तशा मुलीही याव्यात. पटाशीला स्त्री-पुरुष भेद कळत नाही. आणि अन्य ज्ञातीचे मूल दारात आले, तर त्यासही बाक मोकळा असावा. जातीने आपल्याला हुन्नर दिले, तसेच ते कोंडूनही ठेवले; त्यातले हुन्नर घ्यावे आणि कोंडवाडा टाकून द्यावा. तसेच गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांबरोबर, स्वहस्ते घडविलेल्या उत्कृष्ट वस्तूस पुढील वर्षापासून एक पारितोषिक असावे. ती वस्तू पाट असो, पाळणा असो वा विजेची गिटार असो.

सभेपुढे हा ठराव येईल तेव्हा भाड्याचा आकडा अवश्य विचारात घ्यावा. त्यासोबत एवढेच मनात आणावे, की आपली मुले आपल्याजवळ काय मागतात, आणि आपल्याजवळ देण्यासारखे काय आहे.

 विश्वकर्मा आपल्या हातांस बळ देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.