गावचे स्मारक



दिवसभराचे काम आटोपून, मागांचा खडखडाट अजून कानांत घुमत असताना, तुम्ही या उकाड्यात येथे येऊन बसला आहात. अशा वेळी दगडधातूंच्या पुतळ्यांवर व्याख्यान देणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशक्तीचा अंत पाहणेच होय. पण आम्हांला पुतळ्यांपेक्षा तुमच्याशीच अधिक बोलायचे आहे. पुतळा उभा करतात ते गावकरी, त्याच्यासमोरून रोज जातात ते गावकरी, आणि त्याला विसरतात तेही गावकरीच. तेव्हा स्मारकाचा विचार हा अखेर गावाचा विचार आहे.

स्मारक म्हणजे स्मरण करून देणारे. शब्द सोपा आहे, पण त्यात एक अडचण आहे. ज्याचे स्मरण आपणहून राहते त्याला स्मारक लागत नाही. आणि ज्याचे स्मरण कोणालाच नको आहे त्याला कितीही उंच चौथरा बांधला तरी त्याचा उपयोग कावळ्यांनाच होतो. या दोहोंच्या मध्ये जे उरते, म्हणजे ज्याचे स्मरण ठेवायला हवे पण जे आपल्या हातून सुटत चालले आहे, तेच स्मारकाचे खरे क्षेत्र.

या बाबतीत आपला परिसर गरीब नाही. लोणाडजवळच्या चौधरपाड्याला शके ११६१ चा एक शिलालेख सापडला. शिलाहार राजा केशिदेव याने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. कोकणात शिलाहारांच्या काळचे असे दानलेखांचे दगड पुष्कळ मिळतात. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये लेख आणि खाली गाढवाचे एक असभ्य चित्र, अशी त्यांची घडण असते. लोक त्याला गधेगाळ म्हणतात. सूर्यचंद्र असेपर्यंत हे दान चालावे आणि जो ते मोडील त्याला ही शिवी लागावी, असा त्याचा अर्थ. सभ्य माणसे हे चित्र पाहून मान फिरवतात. आम्हांला मात्र त्यात एक शहाणपण दिसते. नुसते कोरून ठेवल्याने वचन पाळले जात नाही, मागून येणारे लोक ते मोडू शकतात, हे त्या काळच्या माणसांना पक्के ठाऊक होते. म्हणून स्मारकाबरोबरच स्मारकाच्या राखणीची सोयही त्यांनी त्याच दगडावर करून ठेवली. आपण पुतळा बसवतो आणि राखणीचे नाव काढत नाही.

आता थोडे पुढे येऊ. इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या मोहिमेत बोललेला नवस फेडण्यासाठी आपल्याच तालुक्यात वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले. एखाद्या किल्ल्यासारखे ते देऊळ, त्याच्या पायऱ्या आणि त्याचा नगारखाना तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. हे विजयाचेच स्मारक आहे, पण तेथे जाणारा माणूस विजय पाहायला जात नाही. तो देवीला जातो, उन्हाळ्यांत स्नान करतो आणि पोराबाळांना घेऊन परत येतो. जाता जाता इतिहास त्याच्या अंगाला लागतो. इतकी वर्षे हे स्मारक जिवंत राहिले याचे रहस्य एवढेच, की लोकांना तेथे काहीतरी करायला आहे.

पण याच मोहिमेची दुसरी बाजू आपल्या अगदी दाराशी आहे. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी साष्टीतील लोकांचे हाल पेशव्यांच्या कानांवर घातले, मोहिमेसाठी अनेक वर्षे खटपट केली, माहिती आणि माणसे पुरवली. साष्टीच्या बखरीत त्यांची हकीकत आली आहे. अंजूरला नाईकांचा वाडा आहे, सिद्धिविनायक आहे. सेनापतीचे नाव प्रत्येक शाळेतल्या मुलाला ठाऊक आहे. ज्याने वाट दाखवली त्याचे नाव अंजूर फाट्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? हा दोष चिमाजीअप्पांचा नव्हे. स्मारकाचा स्वभावच असा आहे, की त्याचा उजेड एका माणसावर पडला की शेजारचा माणूस अंधारात जातो. म्हणून स्मारक उभारणाऱ्याने नेहमी विचारावे: या उजेडात कोण दिसेनासा झाला?

चौकातला पुतळा ही आपल्याकडे त्या मानाने अलीकडची रीत; ती इंग्रजी अमदानीत रुजली. ती आपण उचलली आणि तीत मोठे कलावंतही निर्माण केले. मुंबईला अपोलो बंदरावर, गेट वे ऑफ इंडियासमोर, शिवछत्रपतींचा जो अश्वारूढ पुतळा १९६१ साली बसला, तो शिल्पकार सदाशिव साठे यांचा. आणि भाऊ साठे हे आपल्या शेजारच्या कल्याणचे. हे काम किती सोशिकपणाचे असते पाहा. आधी लहान नमुना, मग मातीतले पूर्ण शिल्प, त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मेण, मग ओतीव ब्राँझ, मग जोड घासून एकजीव करणे. आज पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, ती उगीच नव्हे. ही वाट चालायला वेळ लागतो, आणि वेळ तर आपल्याजवळ कधीच नसतो, कारण उद्‌घाटनाची तारीख आधी ठरते आणि पुतळा मागून ठरतो.

याचा दाखला आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. ज्याने समुद्रात सिंधुदुर्ग बांधला, आणि तो साडेतीनशे वर्षे लाटा झेलीत उभा आहे, त्याचा पुतळा त्याच किनाऱ्यावर एक पावसाळा टिकू नये! यात दोष कोणाचा हे ठरवायला चौकशी आहे, न्यायालय आहे. आम्ही इतकेच म्हणतो, की भक्ती मोठी असली म्हणून कामातील कसर भरून निघत नाही.

आता आपल्या गावाकडे वळतो, आणि येथे आम्हांला जरा जपून, पण स्पष्ट बोलले पाहिजे. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यांच्या आरमाराची सुरुवात या खाडीवर झाली. महाराजांचे स्मरण करण्याचा या गावाचा हक्क कोणी नाकारणार नाही. पण ७ मे १९७० रोजी त्याच स्मरणाच्या मिरवणुकीच्या दिवशी या गावात आग लागली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच झाले. घरे गेली, माग जळाले, माणसे गेली. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांपैकी काही जण या सभेतही असतील. त्यांना आम्ही इतिहास सांगण्याचे धाडस करीत नाही.

आम्हांला सांगायचे आहे ते त्यापुढचे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकाच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान, मागवाले, दुकानदार, सामान्य माणसे आणि बीटावरचा पोलीस एकत्र बसू लागले. नळाचे भांडण, पोरांची मारामारी, उठलेली अफवा, सगळे तेथे बोलले जाऊ लागले. आणि मग १९९२ चा डिसेंबर आला, १९९३ चा जानेवारी आला. शेजारची मुंबई पेटली होती. सारा देश भिवंडीकडे पाहत होता, कारण भिवंडी पेटणार हे प्रत्येकाने गृहीत धरले होते. भिवंडी पेटली नाही.

श्रोतेहो, आमच्या मते या गावाच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठा पराक्रम तो हाच. पण त्याचा पुतळा कसा करणार? जे घडले त्याचे शिल्प करता येते; जे घडू दिले नाही त्याचे कसे करावे? न लागलेल्या आगीची राख नसते, न पडलेल्या घराची भिंत दाखवता येत नाही, आणि त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी जागत बसलेल्या माणसांना घोडा नव्हता की तलवार नव्हती. म्हणूनच ही गोष्ट विसरली जाण्याचा धोका सर्वांत अधिक आहे. आपल्या मुलांना बाहेरगावी कोणी विचारले, 'तुम्ही त्या दंग्यांच्या भिवंडीचे ना?' तर त्यांना १९७० आणि १९८४ ही उत्तरे ठाऊक असतात. १९९२ हे उत्तर त्यांना कोणी द्यायचे?

गेल्या काही वर्षांत तालुक्यात मोठी कामे झाली. मराडेपाड्याला १७ मार्च २०२५ रोजी, तिथीप्रमाणे शिवजयंतीच्या दिवशी, छत्रपतींच्या मंदिराचे लोकार्पण झाले. अरुण योगीराज यांनी घडवलेली मूर्ती तेथे आहे. दूरदूरचे लोक ते पाहायला येतात आणि त्याचा आनंदच आहे. पण मोठी स्मारके सरकार आणि श्रीमंत मंडळी उभारतात. लहान स्मारके मात्र गावालाच उभारावी लागतात. त्या लहान स्मारकांबद्दल आमच्या दोन सूचना आहेत.

पहिली मागाची. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून मोमीन विणकर येथे हातमाग घेऊन आले. मागून यंत्रमाग आले, तेलंगणातून पद्मशाली आले आणि पद्मानगर वसले. या गावाचा चरितार्थ ज्यावर चालला तो साधा माग आता नव्या यंत्रांपुढे भंगाराच्या भावाने जात आहे. त्यांतला एक तरी भंगारवाल्याच्या आधी गावाने घ्यावा आणि बागेत छपराखाली ठेवावा. रस्त्यात किंवा पदपथावर नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तशा बांधकामांना मनाई केलीच आहे, आणि आपल्या रस्त्यांवर आधीच जागा नाही. महिन्यातून एक दिवस एखाद्या जुन्या कारागिराने तो चालवून मुलांना दाखवावा. त्याला अनावरण नको, तेल हवे.

दुसरी सूचना १९९२ ची. एक साधी शिळा, तीवर मराठीत, उर्दूत आणि तेलुगूत एकच मजकूर: त्या वर्षी या गावाने शेजाऱ्याला राखले. कोणा एकाचे नाव नको, कारण ते काम एकाचे नव्हतेच. दरवर्षी डिसेंबरात मोहल्ल्यामोहल्ल्यांतली माणसे तेथे जमावीत, चहा घ्यावा आणि वर्षभरात गल्लीत काय तुंबले आहे ते एकमेकांना सांगावे. भाषण करू इच्छिणाऱ्याला तेथे मज्जाव असावा, आम्हांलासुद्धा.

त्या शिळेखाली गाढव कोरण्याची आवश्यकता नाही. जो हे शेजारपण मोडील त्याला काय म्हणावे, हे भिवंडीकरांना कोरून सांगावे लागत नाही. पण वर सूर्य आणि चंद्र मात्र जरूर कोरावेत.