चित्रपट आणि ख्रिस्ती परीक्षक

धार्मिक चित्रपटाची परीक्षा करणे धार्मिक माणसाला तसे सोपे असते. खरी पंचाईत होते ती साध्या, लौकिक चित्रपटाच्या वेळी. त्यात देव नाही, संत नाही. चोर आहेत, प्रेमिक आहेत, दारू आहे, हशा आहे. श्रद्धावंत ख्रिस्ती परीक्षकाने त्याकडे पाहावे तरी कसे? या प्रश्नावर पाश्चात्त्य देशांत गेली नव्वद वर्षे वाद चालला आहे. तो आपल्याला अगदीच परका नाही. मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, हा प्रश्न तुमच्याही घरात निघतोच की!

१९३४ साली अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांची ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही संघटना जोरात कामाला लागली. अनीतिमान चित्रपट पाहणार नाही, अशी शपथ भाविक मंडळी चर्चमध्ये उभी राहून घेत. संघटना चित्रपटांना श्रेणी लावी. ‘ए’ म्हणजे हरकत नाही, ‘बी’ म्हणजे अंशतः आक्षेपार्ह आणि ‘सी’ म्हणजे त्याज्य. ‘सी’चा शिक्का बसला की धंदा बसलाच, असे निर्मात्यांना वाटे.

आता हा शिक्का कसा बसे, ते पाहा. १९४७ सालचा ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ हा नाताळचा चित्रपट. सांताक्लॉज खरा आहे की नाही, याची गोड गोष्ट. त्याला मिळाली ‘बी’. का? तर गोष्टीतल्या लहान मुलीची आई घटस्फोटिता! त्याच वर्षीचा ‘ब्लॅक नार्सिसस’ तर आपल्या हिमालयात घडतो. (चित्रीकरण मात्र इंग्लंडातले, बरं का.) डोंगरावरच्या एका जुन्या राजवाड्यात काही नन्स शाळा आणि दवाखाना काढायला येतात, आणि तिथला वारा, ती उंची, तो एकांत यांनी त्यांची मने ढळू लागतात. हा चित्रपट त्याज्य ठरला. मग अमेरिकेत दाखवण्यासाठी त्यातल्या मुख्य ननच्या पूर्वायुष्यातील प्रेमाच्या आठवणी कापण्यात आल्या. आता मला सांगा, तिने काय सोडले हेच प्रेक्षकाला कळू द्यायचे नाही, तर तिच्या त्यागाची किंमत त्याने करावी कशी? नीतीच्या रक्षणासाठी कात्री चालवली, आणि कापला गेला तो नीतीचाच प्रश्न.

इटलीत १९६० साली तर घरातल्या घरातच जुंपली. फेलिनीचा ‘ला दोल्चे वीता’ झळकला. रोममधले श्रीमंत, रिकामटेकडे जग, रात्रीच्या मेजवान्या आणि त्यात वाहत जाणारा एक पत्रकार. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने चित्रपटावर आग पाखडली. पण काही जेझुइट धर्मगुरू त्याच्या बाजूने उभे राहिले! तेही त्याच चर्चचे, त्याच शपथेने बांधलेले. अखेरीस समुद्रकाठी एक निष्पाप पोर पलीकडून त्या पत्रकाराला हाक मारते. त्याला ती ऐकूच येत नाही, आणि तो पाठ फिरवून पुन्हा आपल्या कंपूत निघून जातो. पापाचे चित्र काढणे आणि पापाची ओढ लावणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या धर्मगुरूंना दिसले. माझ्या मते त्यांचेच बरोबर होते.

आजही अमेरिकेत ‘प्लग्ड इन’सारखी परीक्षणे आहेत. त्यांत हिंसा, शिव्या, कामुकता, मद्य यांचे वेगवेगळे रकाने असतात. चांगल्या गोष्टींचाही एक रकाना असतो, हे मात्र सांगायला हवे. आपले विद्वान अशा मोजदादीला हसतात. मी हसणार नाही. आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून तिकिटाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या बापाला सौंदर्यशास्त्र नको असते. आत काय दाखवतात, एवढेच त्याला हवे असते. त्याची गरज खरी आहे. फक्त यादी म्हणजे निकाल, असे त्याने समजू नये.

याच्या उलटही एक खोड असते. काही परीक्षकांना जिकडेतिकडे ख्रिस्तच दिसतो. नायक हात पसरून मेला की झाला ख्रिस्त! आपल्याकडे एखाद्या फक्कड लावणीत जीवाशिवाचे मीलन शोधणारे नाहीत का? त्यातलाच हा प्रकार. कलाकृतीचे म्हणणे ऐकून घेण्याची तसदी तिथेही कोणी घेत नाही.

१९९५ मध्ये सिनेमाची शंभरी झाली, तेव्हा व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची एक यादी काढली. धर्म, जीवनमूल्ये आणि कला असे तीन भाग, प्रत्येकी पंधरा चित्रपट. मूल्यांच्या भागात अॅटनबरोचा ‘गांधी’ आहे. आणि तिथेच १९४८ सालचा, डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ही आहे. याच चित्रपटाला १९५० मध्ये हॉलिवुडच्या नीतिनियमांच्या कचेरीने परवान्याची मोहोर नाकारली होती. त्या नियमांच्या मसुद्यात एका जेझुइटाचाच हात होता. हरकत कशावर? एक लहान मुलगा भिंतीशी लघवीला उभा राहतो, आणि चोराचा पाठलाग करताना बाप कुंटणखान्यात शिरतो, यावर.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. सायकल चोरीला जाते, आणि तिच्याबरोबर नोकरीही जाणार असते. शेवटी हताश झालेला बाप स्वतःच एक सायकल चोरतो. पकडला जातो. लोक त्याला धक्के मारतात, आणि हे सारे मुलगा पाहत असतो. सायकलचा मालक त्याला सोडून देतो. बाप रडत गर्दीतून चालू लागतो, तेव्हा मुलगा हळूच त्याचा हात आपल्या हातात घेतो.

चोरीच्या रकान्यात एक खूण पडली. त्या हाताची खूण कोणत्या रकान्यात करायची?