वैऱ्याच्या घरचे रक्त
ग्रीस आणि तुर्कस्तान यांचे वैर, श्रोतेहो, पिढ्यानपिढ्यांचे. १९९६ साली तर एजियन समुद्रातील दोन निर्जन खडकांपायी (नकाशावर ते ठिपक्याएवढेही दिसत नाहीत!) उभय राष्ट्रांच्या युद्धनौका समोरासमोर ठाकल्या होत्या. पुढे १७ ऑगस्ट १९९९ रोजी पहाटे तीनच्या सुमारास इझमितच्या परिसरात भूकंप झाला. १७,००० हून अधिक माणसे दगावली. ग्रीसची बचावपथके तत्काळ धावली. ग्रीक नागरिकांनी तुर्की जखमींसाठी रक्तदान केले. तीन आठवड्यांनी, ७ सप्टेंबरला, अथेन्स हादरले. तेव्हा ‘आकुत’ या संस्थेचे तुर्की स्वयंसेवक, मायदेशीच्या ढिगाऱ्यांची धूळ अंगावरून उतरते न उतरते तोच, अथेन्सच्या ढिगाऱ्यांत माणसे शोधू लागले. त्या दोन खडकांचा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.