वय झालेला खेळाडू आणि मोठा संघ



माणसाच्या वयाचा हिशेब प्रत्येक धंद्यांत निराळा असतो. वकिलाचें नांव चाळिशीनंतर होऊं लागतें. वैद्याच्या पांढऱ्या केसांवर रोग्याचा अधिक भरंवसा बसतो. गवई साठीच्या घरांत आला म्हणजे जाणते लोक म्हणतात, आतां कोठें गाणें मुरूं लागलें. फुटबॉलच्या खेळांत मात्र तिशी उलटली कीं माणूस म्हातारा ठरतो, आणि पस्तिशीनंतरहि तो मैदानावर दिसला तर लोक त्याच्याकडे कौतुकापेक्षां काळजीनेंच पाहतात. स्पेनमधील रेआल माद्रिद किंवा बार्सिलोना यांसारख्या बलाढ्य संघांत तर ही काळजी अधिकच. कारण तेथें दुसरा क्रमांक म्हणजे पराभवच समजला जातो. अशा संघांत पस्तिशी ओलांडलेल्या मध्यरक्षकाला जागा असावी काय, या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं.

मध्यरक्षक म्हणजे कोण, तें प्रथम सांगितलें पाहिजे. बचाव करणारे मागें असतात आणि गोल करणारे पुढें असतात. या दोहोंमधल्या पट्ट्यांत ज्याचें ठाणें असतें तो मध्यरक्षक. एका सामन्यांत त्याला दहा-अकरा किलोमीटर सहज धांवावें लागतें. चेंडू गेला कीं मागें धांवावयाचें, चेंडू मिळाला कीं पुढें धांवावयाचें. एवढेंच पाहिलें तर वयस्क मध्यरक्षकाविरुद्धचा दावा येथेंच शाबीत व्हावा. परंतु त्याच्या कामाचा दुसरा अर्धा भाग डोळ्यांचा आहे. चेंडू आपल्यापाशीं येण्यापूर्वींच तो दोनतीनदां मान वळवून पाठीशीं कोण आहे, मोकळी जागा कोठें आहे, हें पाहून ठेवतो. चेंडू पायाशीं येतो तेव्हां त्याचा विचार अगोदरच झालेला असतो. चेंडूपेक्षां वेगानें धांवणारा मनुष्य अद्याप जन्मास आलेला नाहीं. तेव्हां ज्याला चेंडू योग्य वेळीं योग्य जागीं धाडतां येतो, त्यानें आपली आणि आपल्या सोबत्यांची कितीतरी धांव वांचविली असें समजावें. पाय थकतात त्या वयांत ही नजर बहुधा पूर्ण तयार झालेली असते. सारा प्रश्न उभा राहतो तो यामुळेंच.

याचें ठळक उदाहरण म्हणजे क्रोएशियाचा लुका मॉड्रिच. त्याचा जन्म ९ सप्टेंबर १९८५ चा, झादर या समुद्रकांठच्या गांवचा. लंडनचा टॉटनहॅम संघ सोडून तो २०१२ सालीं माद्रिदला आला, तेव्हां सत्तावीस वर्षांचा होत आला होता. त्याच वर्षाअखेर ‘मार्का’ या क्रीडापत्राच्या वाचकांनीं त्या हंगामांतील सर्वांत वाईट खरेदी म्हणून त्याच्याकडे बोट दाखविलें. पुढें २०१८ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, जगांतील उत्कृष्ट खेळाडूस मिळणारा ‘बॅलन डी’ऑर’ हा सन्मान त्यालाच मिळाला. तत्पूर्वीं दहा वर्षें तो मान मेस्सी आणि रोनाल्डो या दोघांनीं बाहेर जाऊं दिला नव्हता.

पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची रात्र १२ एप्रिल २०२२ ची. चॅम्पियन्स लीग या युरोपच्या स्पर्धेंत माद्रिदची गांठ चेल्सीशीं होती. लंडनचा पहिला सामना माद्रिदनें ३-१ असा जिंकला होता. परंतु माद्रिदच्या मैदानावरील दुसऱ्या सामन्यांत चेल्सीनें तीन गोल करून पारडें फिरविलें. दहाएक मिनिटें उरलीं असतांना मॉड्रिचनें उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनें चेंडू असा वळवून धाडला कीं तो बचाव करणाऱ्यांच्या डोक्यांवरून जाऊन धांवत येणाऱ्या रॉड्रिगोच्या पुढ्यांत उतरला. गोल झाला आणि दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली. वाढीव वेळेंत बेन्झेमानें आणखी एक गोल केला, आणि एकूण ५-४ अशा फरकानें माद्रिद तरलें. पुढच्याच महिन्यांत पॅरिस येथें त्यानें लिव्हरपूलला हरवून युरोपचा चषक जिंकला. त्या एप्रिलमध्यें मॉड्रिचचें वय ३६ होतें आणि रॉड्रिगोचें २१. छत्तीस वर्षांच्या माणसानें जागा पाहिली आणि एकवीस वर्षांचा पोरगा तेथें धांवून पोंचला. वयस्क मध्यरक्षक मोठ्या संघाला कां शोभतो, याचें उत्तर या एका गोलांत आहे. आणि तो कोणत्या अटीवर शोभतो, हेंहि त्यांतच आहे. धांवणारा रॉड्रिगो तेथें नसता, तर पाहणाऱ्याची नजर फुकट गेली असती.

ही अट विसरल्यास काय होतें, तें बार्सिलोनानें १४ ऑगस्ट २०२० रोजीं लिस्बन येथें भोगलें. बायर्न म्युनिकनें त्या दिवशीं बार्सिलोनावर आठ गोल चढविले. सामना ८-२ असा संपला. बार्सिलोनाच्या त्या अकरांत मेस्सी, सुआरेझ, पिके, बुस्केट्स, व्हिडाल आणि आल्बा असे सहा खेळाडू तिशी ओलांडलेले होते. यांपैकीं एकेकाला निवडून घेतलें तर कोणीहि हेवा करावा असे ते गुणी. परंतु चेंडू हातचा गेल्यावर त्याच्या मागें धांवावयाचें कोणीं? प्रत्येकानें दुसऱ्याच्या पायांवर भिस्त ठेवली आणि ते पाय तितकेच थकलेले होते. घरांत एक वडीलधारें माणूस असलें म्हणजे घराला आधार वाटतो; सगळेच वडीलधारे झाले तर पाणी भरावयाचें कोणीं, असा प्रश्न पडतो.

माद्रिदनें ही चूक टाळली, आणि ती विचारपूर्वक टाळली. २०२२ च्या ऑगस्टांत कासेमिरो हा त्यांचा तीस वर्षांचा मोहरा इंग्लंडला गेला. परंतु तत्पूर्वींच संघांत व्हाल्व्हेर्दे तयार झाला होता आणि कामाव्हिंगा व चुआमेनी हे तरुण आणून ठेवलेले होते. २०२३ सालीं बेलिंगहॅमची भर पडली. मॉड्रिचला करार मिळत गेला, पण एकेका वर्षाचा. मैदानावरील त्याचा वेळ हळूहळू कमी होत गेला. एका सामन्यांत पांच खेळाडू बदलण्याची मुभा आतां असल्यामुळें ही व्यवस्था सोपी झाली आहे: दमलेल्या प्रतिपक्षासमोर अखेरचा अर्धा तास नजरबाज माणूस उतरविणें, किंवा आरंभीं त्याला खेळवून मग ताज्या पायांना जागा देणें. पॅरिसच्या अंतिम सामन्यांत नव्वदाव्या मिनिटाला मॉड्रिच बाहेर आला आणि पंचवीस वर्षांचा सेबायोस आंत गेला. दोन वर्षांनीं, १ जून २०२४ रोजीं, वेम्ब्लीच्या अंतिम सामन्यांत मॉड्रिच स्वतःच राखीव बांकावर होता. शेवटचीं कांहीं मिनिटें टोनी क्रूसच्या जागीं तो खेळला. तो त्याचा युरोपचा सहावा चषक.

येथें आक्षेप घेण्यांत येतो कीं म्हातारा जागा अडवितो आणि होतकरू मुलगा ताटकळत बसतो. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. खेळाडूचें उमेदीचें आयुष्य दहाबारा वर्षांचें. त्यांतलीं दोन वर्षें बांकावर गेलीं तर तीं परत कोण देणार? परंतु जागा अडते ती वयानें नव्हे, मानापमानानें. ज्या वृद्धाला प्रत्येक सामना आपलाच वाटतो, तो संघाला जड होतो. याउलट झावीचें पहा. बार्सिलोनाच्या मधल्या फळीचा तो अनेक वर्षें सूत्रधार होता. २०१४-१५ च्या हंगामांत त्याची नेहमींची जागा राकिटिचकडे गेली. कर्णधार असूनहि झावी बहुधा दुसऱ्या डावांत उतरूं लागला. बर्लिनच्या अंतिम सामन्यांत तो पाऊण वेळ उलटून गेल्यावर इनिएस्ताच्या जागीं आला, सामना जिंकून झाल्यावर चषक उचलला, आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं संघ सोडून गेला. त्या एका वर्षांत बार्सिलोनानें तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्यांत राकिटिचची धांव जितकी होती तितकाच झावीचा समंजसपणाहि होता, असें मला वाटतें.

आणि अनुभवी माणूस एकाएकीं गेला म्हणजे काय उणें पडतें, हेंहि पहावयास मिळालें. क्रूस २०२४ सालीं, ३४ वर्षांचा असतांना, आपण होऊन निवृत्त झाला. पुढील हंगामांत माद्रिदपाशीं धांवणाऱ्यांची वाण नव्हती. पुढच्या फळींत एम्बापेहि आला होता. तरी स्पेनची लीग आणि राजाचा चषक हे दोन्ही बार्सिलोनानें नेले, आणि युरोपांत आर्सेनलनें माद्रिदला घरचा रस्ता दाखविला. याचें सारें खापर एका माणसाच्या जाण्यावर फोडणें अन्यायाचें होईल. परंतु खेळाची गति केव्हां आवरावयाची आणि केव्हां सोडावयाची, हें सांगणारा माणूस मधल्या फळींत कमी झाला, हें पाहणाऱ्यांच्या सहज लक्षांत येत होतें.

त्याच हंगामांत, १९ ऑक्टोबर २०२४ रोजीं, व्हिगो येथें सेल्टा संघाविरुद्ध मॉड्रिच बांकावरून उतरला. त्या दिवशीं तो माद्रिदकडून खेळलेला सर्वांत वयस्क खेळाडू झाला. तत्पूर्वीं तो मान हंगेरीच्या पुश्काशचा होता. हा पुश्काश १९५८ सालीं, वयाच्या ३१ व्या वर्षीं, अंगानें सुटलेला असा माद्रिदला आला. याचा काय उपयोग, असें तेव्हां पुष्कळांनीं विचारलें. दोन वर्षांनीं, १९६० च्या युरोपच्या अंतिम सामन्यांत, फ्रँकफुर्टविरुद्ध माद्रिदनें केलेल्या सात गोलांपैकीं चार त्याचे होते आणि तीन ३३ वर्षांच्या दी स्टेफानोचे! व्हिगोच्या सामन्यांत मॉड्रिच उतरल्यावर कांहीं मिनिटांतच त्यानें धाडलेल्या चेंडूवर व्हिनिसियसनें विजयाचा गोल केला. पुन्हा तेंच: एकानें जागा पाहिली, दुसरा धांवला.

तेव्हां मूळ प्रश्नाचें माझें उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्याला तीन अटी आहेत. अशा खेळाडूच्या भोंवतीं तरुण पाय असावेत. त्याचा मैदानावरील वेळ मोजून द्यावा. आणि ती मोजणी त्यानें स्वतः मनापासून मान्य करावी. पहिल्या दोन अटी संघानें पाळावयाच्या, तिसरी खेळाडूनें. तिन्हींपैकीं एक जरी ढळली, तरी सन्मानानें निरोप देणें हेंच दोघांच्याहि हिताचें. २४ मे २०२५ रोजीं माद्रिदच्या मैदानावर मॉड्रिच शेवटचा लीग सामना खेळून बाहेर पडूं लागला, तेव्हां खेळाडूंनीं दोन्ही बाजूंस उभे राहून त्याला वाट करून दिली. तेरा हंगामांत २८ विजयचिन्हें मिळवून, चाळिशीच्या उंबरठ्यावर तो इटलीतील मिलान संघाकडे गेला. त्याला ओझें म्हणून कोणीं घालविला नाहीं आणि दया म्हणून कोणीं ठेवलाहि नव्हता. मोठ्या संघानें आपल्या वडीलधाऱ्या खेळाडूला द्यावयाचें तें इतकेंच, आणि त्यानेंहि मागावयाचें तें इतकेंच.