फोटोचं नाव 'प्रतीक्षा', बाईचं नाव काय?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत 'हौशी फोटोग्राफी, स्वतःची शैली आणि क्लबच्या स्पर्धा' असा विषय बघून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, की पोटगी, रेशन, दारूबंदी सोडून हे काय नवीन? प्रश्न रास्त आहे. मी काही फोटोग्राफर नाही. समाजकार्य शिकले आणि तेच करते. पण आमच्या केंद्रात चार वर्षांपासून बायकांचा एक फोटोवर्ग चालतो. महिन्यातून दोन रविवार, पंधरा-सोळा जणी, बहुतेकींच्या हातात साधा मोबाइल, दोघींकडे जुने कॅमेरे. त्या वर्गात जे वाद झाले ते पोटगीच्या प्रश्नापासून फार लांबचे नव्हते. म्हणून आज बोलायला उभी आहे.

आधी ही दुनिया चालते कशी ते सांगते. हौशी छायाचित्रकारांच्या संस्था आपल्याकडे जुन्या आहेत. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. आजची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ ची, तीही मुंबईचीच. देशभरातल्या क्लबांचा महासंघ १९५३ मध्ये झाला. मोठ्या स्पर्धेला 'सलोन' म्हणतात. कृष्णधवल, रंगीत, निसर्ग, प्रवास असे विभाग असतात, एका विभागात साधारण चार फोटो द्यायचे, फी भरायची. तीन परीक्षक बसतात. फोटो पडद्यावर येतो, काही सेकंद राहतो, गुण पडतात, पुढचा येतो. ठरावीक गुणांच्या वर गेला की तो 'ॲक्सेप्ट' झाला. असे ॲक्सेप्टन्स साठवत गेलं की आंतरराष्ट्रीय संघटनेकडून नावापुढे एएफआयएपी, ईएफआयएपी अशी अक्षरं लावायला मिळतात. काही मंडळी ती अक्षरं डॉक्टरांच्या डिग्रीसारखी पाटीवर लावतात. लावू देत.

या क्लबांबद्दल मला आदर आहे. आमच्या बायकांना छिद्र, वेग, प्रकाश हे सगळं एका क्लबमधल्या निवृत्त गृहस्थांनी एक पैसा न घेता शिकवलं. पण काही सेकंदांत गुण मिळवायचे म्हटल्यावर काय होतं, ते बघा. पटकन डोळ्यात भरेल तेच पुढे जातं. मग सगळ्यांचे फोटो एकमेकांचे सख्खे भाऊ दिसायला लागतात. धुरातून येणारी उन्हाची तिरीप, तालमीतले मातीने माखलेले पैलवान, जेजुरीचा उधळलेला भंडारा, सुरकुतलेली म्हातारी, डोक्यावर हंडे घेऊन मावळतीकडे चाललेल्या बायका. हंडे घेतलेल्या बायकांना बक्षीस मिळतं, नळ मागणाऱ्यांना मिळालेलं मी अजून पाहिलं नाही. आणि पंढरीची वारी! चंद्रभागेत अंघोळ करणाऱ्या, ओलेत्यानं उभ्या असलेल्या बायकांवर शंभर हात लांबून लेन्स रोखलेल्या असतात. त्याला 'श्रद्धा' असं शीर्षक देतात.

शीर्षक हा प्रकार मला फार बोलका वाटतो. स्पर्धेच्या अर्जात फोटोला नाव द्यावंच लागतं. बाईचं नाव सखूबाई असतं, फोटोचं नाव 'प्रतीक्षा' होतं. गंगूबाईची 'वेदना' होते, कुणाची 'हताश', कुणाची 'मातृत्व'. एका प्रदर्शनात मी मोजत गेले आणि पुढे मोजायचं सोडून दिलं. पुरुषांच्या फोटोंखाली निदान 'कुंभार', 'पोतराज', 'मल्ल' असे धंदे तरी लिहिलेले होते.

मग अशा ठिकाणी स्वतःची शैली म्हणजे काय? आमच्या वर्गातही सुरुवातीला शैली म्हणजे मोबाइलमधला फिल्टर असंच वाटायचं. कुणी सगळे फोटो पिवळट करायची, कुणी कडा काळ्या करायची. तेव्हा आम्ही एक खेळ केला. प्रत्येकीनं आपले तीस फोटो छापून आणायचे, सतरंजीवर मांडायचे आणि 'हा दुसरं कुणीही काढू शकलं असतं' असा फोटो उचलून बाजूला ठेवायचा. सूर्यास्त गेले, गुलाब गेले, नातवंडं गेली. (नातवंडांवरून थोडी रडारड झाली.) काहींच्या पुढे दोन उरले, काहींच्या पुढे एकही नाही. पण जे उरले ते बघताना एक गोष्ट ध्यानात आली. ते त्या बाईच्या अडचणीतून आलेले होते.

अडचण म्हणजे काय, ते सांगते. क्लबची सहल पहाटे पाचला निघते, कारण कोवळं ऊन चांगलं. संध्याकाळचंही चांगलं. या दोन्ही वेळा बायकांच्या चुलीच्या, पाण्याच्या आणि डब्यांच्या. म्हणजे चांगला प्रकाश नेमका आपण भाकरी थापत असताना येतो. आमच्या बायकांच्या वाट्याला येतं ते दुपारी दोनचं रखरखीत ऊन, जे क्लबमध्ये वाईट समजतात. आमच्यातल्या एकीनं ते वाईट ऊनच धरून ठेवलं. दुपारचं सामसूम अंगण, तारेवरचे कपडे, त्यांच्या जमिनीवर पडलेल्या काळ्याकुट्ट सावल्या. घरातला प्रत्येक माणूस तिनं त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीतून काढला. ती शैली तिनं ठरवली नव्हती, तिला वेळच तेवढा मिळत होता.

हे फक्त गरिबाघरीच होतं असं नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही इंग्रज बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मली. १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, लेक-जावयानं तिला कॅमेरा भेट दिला. तिनं कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. तिचे चेहरे मऊ, किंचित धूसर यायचे. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीतल्या तज्ज्ञांनी नावं ठेवली, की बाईला फोकस करता येत नाही, काचेवर डाग राहतात. ती तशीच काढत राहिली. आज तिच्याच फोटोंवर ग्रंथ निघतात. अर्थात ती मळेवाल्याची बायको होती, हेही विसरू नका. तिच्या घरच्या मोलकरणीचं, मेरी हिलियरचं, नाव आपल्याला माहीत आहे. पुढे सिलोनमध्ये तिनं ज्या मजुरांचे फोटो काढले, त्यांची नावं मात्र बहुतेक नोंदलेलीच नाहीत. नाव गाळायची सवय पुरुषांपुरती नाही.

आता आमच्या दोघींची गोष्ट सांगते. नावं सांगत नाही.

एक अंगणवाडी सेविका. कामाचा पुरावा म्हणून फोटो काढून काढून ती विटलेली. म्हणाली, मी पोरांचे चेहरे काढणार नाही, ते सरकारला रोज लागतात. तिनं वर्षभर अंगणवाडीच्या उंबऱ्याबाहेरच्या चपला काढल्या. रोज एकाच जागी उभं राहून, वरून. आमचा भाग ऊसतोड मजुरांचा. पावसाळ्यात उंबऱ्याशी वीस-बावीस जोड, चिखलाचे, उलटसुलट. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की बारा, मग सात. एका फोटोत मोठ्या बहिणीची चप्पल, तीही एकच. बाई शेजारी उभी राहून कोणता जोड कुठल्या कारखान्याला गेला ते सांगायची. तिनं चार फोटो क्लबच्या स्पर्धेला दिले. ते वेगवेगळ्या वेळी, इतरांच्या फोटोंत मिसळून पडद्यावर आले. वीस जोड कुठे आणि सात कुठे, कुणाला कळणार? परीक्षक म्हणाले, "रचना बरी आहे, पण सब्जेक्ट नाही. चौकटीत एखादं मूल हवं होतं." मूल नव्हतं हाच तर विषय होता! दुसऱ्या वर्षी तिनं एकच निवडला, रिकामा उंबरा आणि तो एक जोड. तो ॲक्सेप्ट झाला. ती हसून म्हणाली, "चला, एक तरी चप्पल आत गेली." पण चारांची ती मालिका आजही तिची खरी कामगिरी आहे आणि सलोनमध्ये तिला जागा नाही. एकेका फोटोला गुण देण्याच्या पद्धतीत वर्षभराची गोष्ट बसत नाही.

दुसरी बावीस वर्षांची मुलगी. वर्गातली सगळ्यात तयार नजर तिची. तिनं तहसील कचेरीच्या व्हरांड्यात निराधार योजनेच्या कागदांसाठी बसलेल्या एका बाईचा फोटो काढला. भिंतीला टेकलेलं डोकं, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद, आडवं ऊन. फोटो सुंदर आहे, ते मी आजही म्हणते. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. शीर्षक अर्थातच 'प्रतीक्षा'. तो स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला, खाली ओळ होती, 'निराधारांच्या रांगेत'. ती बाई परित्यक्ता. नवरा सुरतेला नोकरीला आहे, असं तिनं गावात अकरा वर्षं सांगितलेलं. लेकीच्या लग्नाची बोलणी चाललेली. तो अंक पाराजवळच्या हॉटेलात दोन दिवस फिरला.

बोलणी मोडली. ती बाई केंद्रात आली, तेव्हा रडत नव्हती. मुलीला एवढंच म्हणाली, "काढायला दिला होता, वाटायला नव्हता."

मुलीचंही ऐकायला हवं. तिनं विचारून काढला होता, बाईनं मान हलवली होती. शिवाय ती म्हणाली, "पुरुषांनी काढले तर कला आणि मी काढला की चौकशी?" तिचं हे म्हणणं मला खोडता आलं नाही. दोन संध्याकाळ वाद झाला. काहींच्या मते ज्या समाजात टाकलेल्या बाईलाच लपावं लागतं, दोष त्याचा आहे, फोटोचा नाही. तेही खरं. पण किंमत त्या बाईनं मोजली आणि स्मृतिचिन्ह दुसरीच्या कपाटात गेलं. ती मुलगी आता वर्गाला येत नाही. क्लबमध्ये जाते, चांगलं काम करते आहे असं ऐकते.

कायदा इथं थोडाच उपयोगी. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, म्हणजे पूर्वीचं ३५४ सी, बाईच्या खासगी क्षणांच्या चित्रणाबद्दल आहे, कचेरीच्या व्हरांड्याबद्दल नाही. पण त्यात एक खुलासा आहे, तो आपण आपल्या कामात उचलायला हवा. चित्र काढायला दिलेली संमती म्हणजे ते पसरवायला दिलेली संमती नव्हे. आमच्या वर्गाचा नियम आता हाच आहे. फोटो छापून आधी त्या बाईला द्यायचा. स्पर्धेला, पेपरला, मोबाइलवर, प्रत्येक ठिकाणी पाठवण्यापूर्वी वेगळं विचारायचं. शीर्षकही तिलाच विचारायचं. एकीनं आपल्या फोटोला 'सोमवार' असं नाव दिलं. का, ते आम्ही विचारलं नाही.

हा वाद आपला एकट्यांचा नाही. अमेरिकेत डोरोथिया लँगनं १९३६ मध्ये काढलेला 'मायग्रंट मदर' जगभर गाजला. त्यातल्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, लोकांना १९७८ मध्ये कळलं. आपल्याला त्यातून काही मिळालं नाही, हे तिनं बोलून दाखवलं. आपल्याकडे शीबा छाछी ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या हुंडाविरोधी मोर्चांचे फोटो काढत होत्या. पुढे त्यांना वाटू लागलं, की मुठी वळलेल्या बाईचं आपण एक ठरीव चित्र करून टाकतोय. मग १९९०-९१ च्या सुमारास त्यांनी चळवळीतल्या सात जणींबरोबर बसून फोटो केले. जागा, वस्तू, बसायची ढब, सगळं त्या त्या बाईच्या मनासारखं. 'सेव्हन लाइव्ह्ज अँड अ ड्रीम' ते हेच काम.

स्पर्धेत उतरावं की नाही? माझं मत उतरावं असं आहे. घराबाहेर आपलं काम अनोळखी माणसांपुढे टांगलं जातं, त्यावर परकं कुणी बोलतं, याचा बाईच्या पाठीच्या कण्यावर परिणाम होतो, मी पाहिलेला आहे. 'महिला विभाग' असेल तर शक्यतो खुल्या विभागातच द्या. तिन्ही परीक्षक पुरुष असतील तर आयोजकांना पत्र लिहा, सह्या घेऊन. नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचा. 'सर्व हक्क आयोजकांकडे' असं बारीक अक्षरात असलं तर विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं, नोकरीत किंवा कुणाच्या पैशानं मागणीवरून काढलेला नसेल तर, फोटोचा पहिला हक्क काढणारीचा. आणि अर्जावर नाव तुमचंच घाला. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ साली पद्मविभूषण मिळालेल्या. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या, नावानं छापले गेले होते.

शेवटचा मुद्दा कामाचा. मनोबीना आणि देबलीना या जुळ्या बहिणी, जन्म १९१९, बनारसजवळ रामनगरला वाढल्या. बाराव्या वर्षी वडिलांनी कॅमेरे दिले. मनोबीना पुढे बिमल रॉय यांच्या पत्नी म्हणून मुंबईत राहिल्या. दोघी आयुष्यभर हौशीच राहिल्या. तरुणपणी त्या संयुक्त प्रांतातल्या एका टपाल मंडळात होत्या. सभासदांचे फोटो टपालानं फिरायचे, प्रत्येक जण त्यावर मत लिहून पुढे पाठवायचा. पहाटे पाचला बाहेर न पडता येणाऱ्या बाईला याहून सोयीचा क्लब कोणता?

तेव्हा आपण एक पाकीट फिरवायचं ठरवू. मोबाइलच्या ग्रुपवर नको, तिथं नुसते अंगठे येतात. बारा छापील फोटो, प्रत्येकासोबत एक कोरा कागद, त्यावर निदान चार ओळी लिहायच्या, 'छान' हा शब्द वापरायचा नाही. आणि फोटोत जी बाई असेल, तिच्या चार ओळी सगळ्यात आधी. लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं लिहून घ्यायचं. पाकीट मी आणलं आहे, चपलांचे चार फोटो त्यात आहेत, क्रमानं लावलेले. जेवणाआधी दारापाशी वही ठेवते, पत्ते लिहा, पिनकोडसह.