पुरवठादारास ज्ञानाचा वाटा



व्यापारात भाव सांगावा, धंद्यातील मर्म सांगू नये, अशी जुनी समजूत आहे. जपानच्या टोयोटाने ती खोटी ठरविली. या उद्योगाचे मूळ कापडधंद्यातच आहे. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग सूत तुटताच आपोआप थांबे. दोष पुढे जाऊ न देण्याचा तोच संस्कार मोटारनिर्मितीत उतरला.

टोयोटाने ही विद्या भिंतीआड कोंडली नाही. तिचे तज्ज्ञ पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन शिकवीत. पुरवठादारही गट करून परस्परांच्या उणिवा शोधीत. हे ज्ञान प्रतिस्पर्ध्याच्याही कामी येईल, हे ठाऊक असूनही हात आखडला नाही.

त्याचे फळ १९९७ साली दिसले. १ फेब्रुवारीस ब्रेकचा एक लहानसा भाग बनविणारा आयसिनचा कारखाना जळाला आणि टोयोटाचे जवळजवळ सारे उत्पादन ठप्प झाले. आयसिनने आपले आराखडे खुले केले. अनेक कारखान्यांनी आपापल्या यंत्रांवर नव्या युक्त्या योजून तो भाग घडविला. आठवडाभरात मोटारी पुन्हा बाहेर पडू लागल्या.

ज्याच्याकडून माल घ्यावा, त्यास ज्ञानही द्यावे. दिलेली विद्या संकटकाळी धावून येते, हाच यातील बोध होय.