हिमभूमीवरचा चातुर्मास

(पवनी येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पवनीच्या जगन्नाथ टेकडीच्या पोटातून १९६९-७० साली दोन हजार वर्षांहून जुना स्तूप बाहेर आला. नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव आणि पुरातत्त्व खात्याचे जगत्पती जोशी यांनी केलेले ते उत्खनन पवनीकरांना ठाऊक आहेच. अशा स्तूपांच्या आश्रयाने राहणाऱ्या भिक्षूंचा एक नियम होता. पावसाळा लागला की भ्रमण थांबवायचे आणि तीन महिने एका जागी राहायचे. त्याला वर्षावास म्हणत. आपल्या घरांतून पाळला जाणारा चातुर्मास याच कुळातला. वर्षावास संपताना 'पवारणा' नावाचा विधी होत असे. प्रत्येक भिक्षू संघापुढे बसून विनंती करी की, आपल्या वागण्यात कोणाला काही दोष दिसला असेल, कानावर आला असेल, नुसती शंका जरी आली असेल, तरी ती बोलून दाखवावी. विरक्त माणसांनाही या विधीची गरज का पडावी? कारण तीच माणसे, तेच छप्पर आणि बाहेर जाण्याची वाट बंद, अशा स्थितीत मनात किल्मिष साठते. ते बोलून टाकण्याची सोय आपल्या पूर्वजांनी नियमातच करून ठेवली.

आजचा विषय अशाच एका वर्षावासाचा आहे. मात्र तो तीन महिन्यांचा नसून वर्षाहून अधिक काळाचा, आणि वैनगंगेच्या काठी नसून अंटार्क्टिकाच्या बर्फावर आहे.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने रौद्र रूप धारण केले, तेव्हा या परिसरातील गावांचा संपर्क तुटला होता. ते मोजके दिवस किती लांबले होते, हे ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. अंटार्क्टिकावरील आपल्या केंद्रांतून मार्चच्या सुमारास शेवटचे जहाज निघून गेले की पुढील सात-आठ महिने नवा माणूस येत नाही आणि असलेला परत जाऊ शकत नाही.

हे खंड भारताच्या चौपटीहून मोठे. त्यावर मूळचा रहिवासी नाही आणि कोणत्याही राष्ट्राची जगन्मान्य मालकी नाही. १९५९ साली बारा राष्ट्रांनी एक करार केला व तेथील कारभार आपसांत ठरवू लागले. स्वतंत्र भारताने त्या मंडळात बसायचे, तर तेथे काम करून दाखवणे आवश्यक होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. १९ ऑगस्ट १९८३ रोजी भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबरला निर्णयाचा अधिकार असलेल्या राष्ट्रांत त्याची गणना झाली. ही मान्यता कोणी दान म्हणून दिलेली नाही.

परंतु उन्हाळ्यात जाऊन परत येणे वेगळे आणि हिवाळा काढणे वेगळे. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील तिसऱ्या मोहिमेने १९८३-८४ च्या उन्हाळ्यात 'दक्षिण गंगोत्री' हे केंद्र अवघ्या दोनेक महिन्यांत उभे केले. लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्यासह बारा जण मागे राहिले आणि जहाज क्षितिजाआड गेले. भारताचा स्वतःच्या छपराखालचा तो पहिला ध्रुवीय हिवाळा. नाव तरी किती अर्थपूर्ण! भागीरथी जेथे हिमातून प्रकटते त्या स्थानाचे नाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या हिमाला दिले गेले. ते केंद्र समुद्रावर पसरलेल्या हिमस्तरावर होते. दर हिवाळ्यात त्यावर बर्फ साचत गेले, केंद्र गाडले जाऊ लागले आणि १९९० साली ते सोडून द्यावे लागले. त्याआधीच, १९८९ साली, शिरमाखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर 'मैत्री' उभे राहिले होते. तेथून सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेला २०१२ साली 'भारती' सुरू झाले. त्याची बांधणी १३४ मालवाहू कंटेनर जोडून केलेली आहे.

तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय महिला होत्या. भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. अदिती पंत. अदितीताईंचा जन्म १९४३ सालचा, आपल्या नागपूरचा. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले, ते त्यांचे आजोबा. त्या कुळातील कन्येने जेथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही अशा भूमीवर जाऊन समुद्रातील सूक्ष्म जीवसृष्टीचा अभ्यास करावा, हा योग मोठा विलक्षण! मात्र हिवाळाभर राहण्याचा मान महिलांना मिळायला आणखी बरीच वर्षे लागली. डॉ. कंवल विल्खू यांनी २००० साली मैत्रीवर वैद्यकीय अधिकारी म्हणून हिवाळा काढला. पुढे 'इस्रो'च्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये भारतीवर ४०३ दिवस राहिल्या, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तेवीस जणांच्या तुकडीतील एकमेव महिला. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह भारतीच्या आकाशातून हैदराबादच्या तुलनेत कितीतरी अधिक वेळा जातात. त्यांची माहिती तेथे उतरवून घेऊन मायदेशी पाठवायची, हे त्यांचे काम. उपग्रहाला रविवार नसतो, वादळही नसते!

तेथील दिनक्रम कसा असतो? मेच्या उत्तरार्धात मैत्रीवरून सूर्य नाहीसा होतो, तो जुलैच्या उत्तरार्धात परततो. लोकमान्यांनी वेदांतील दीर्घ उषेची वर्णने वाचून आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे असल्याचा सिद्धांत १९०३ साली मांडला. तो आज सहसा कोणी स्वीकारत नाही. पण क्षितिजावर कित्येक दिवस रेंगाळणारी पहाट ग्रंथांच्या आधारे डोळ्यांपुढे उभी करणाऱ्या त्या प्रज्ञेला नमस्कारच केला पाहिजे.

त्या अंधारात मे महिन्याच्या पवनीपेक्षा पारा सत्तर-पंचाहत्तर अंशांनी खाली असतो. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला की माणसाला स्वतःचा पुढे केलेला हात दिसत नाही. तरीही हवामान विभागाच्या माणसाला नोंदीची वेळ चुकवता येत नाही. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची माणसे पृथ्वीच्या चुंबकत्वातील सूक्ष्म बदल टिपत असतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून याच संस्थेच्या पूर्वसूरींनी १९०४ साली वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला हलवली होती. मैत्रीच्या आसपास मात्र तसला गोंगाट नाही.

पण शास्त्रज्ञ ही या केंद्राची अर्धीच बाजू होय. जनित्र थांबले तर काही तासांत केंद्र गोठेल. प्रियदर्शिनी सरोवरातून पाणी आणणारी नळी गोठली, तर गोड्या पाण्याच्या पृथ्वीवरील सर्वात मोठ्या साठ्यावर बसून माणसे तहानेली राहतील. सर्वात मोठे भय मात्र आगीचे! हवा कमालीची कोरडी, विझवायला पाणी नाही आणि छप्पर गेले तर दुसरे छप्पर नाही. म्हणून यंत्रज्ञ, वीजतंत्री, वाहनचालक, स्वयंपाकी आणि डॉक्टर ही माणसे संशोधकांइतकीच मोलाची ठरतात. त्यांतील कित्येक सैन्यदलांतून आलेली असतात. भांडी घासणे, झाडलोट करणे, स्वयंपाकघरात हात लावणे या कामांची पाळी सर्वांना येते. त्यातून पदवी कोणाला सुटका देत नाही. शाखेवर किंवा शिबिरात वाढलेल्या स्वयंसेवकाला याचे नवल वाटणार नाही. पण बाहेर मोठ्या हुद्द्यावर असलेल्याला पहिले काही दिवस ते जड जाते, हेही खरे.

जड जाणारे आणखी पुष्कळ असते. झोपेचे चक्र बिघडते, विस्मरण होते. कोणाचे घोरणे, कोणाचे जेवताना वाजणारे तोंड, वरणातले मीठ, एवढ्या क्षुल्लक गोष्टींवरून दोन शहाणी माणसे आठ-आठ दिवस बोलत नाहीत. काही अभ्यासकांचे निरीक्षण असे की, खरी घसरण अंधाराच्या मध्यावर होत नाही, निम्मा काळ सरल्यावर होते. नवलाई संपलेली असते आणि घर अजून दूर असते. अशा वेळी नेत्याची कसोटी लागते. अबोला दिसताच दोघांना समोरासमोर बसवणे, सण एकत्र साजरे करणे, जेवायला सर्वांनी एका वेळी बसणे, ही कामे तेथे करमणुकीची नसतात. पवारणेची आठवण येते ती येथे. हिमवादळात ज्याच्या हाती दोर द्यायचा, त्याच्याविषयी मनात अढी ठेवून चालत नाही.

दक्षता थोडी ढळली तर काय होते, हे १९९० साली दिसले. नवव्या मोहिमेतील चार जण हम्बोल्ट पर्वतात तंबूत असताना कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मृत्युमुखी पडले. या वायूला वास नाही, रंग नाही. देशात या चौघांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? सीमेवर पडलेल्या वीराला गाव ओळखते. विज्ञानाच्या सीमेवर पडलेल्यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही, ही बोचणारी गोष्ट आहे.

आणि घरी राहिलेल्यांचे काय? पूर्वी पत्र वर्षातून एकदा, जहाजाबरोबर येई. आज उपग्रहामुळे घरच्यांचा चेहरा पडद्यावर दिसतो. पण म्हणून अंतर कमी होत नाही. हिवाळ्यात वडील गेल्याची वार्ता आली तर अग्नी द्यायला येता येत नाही. घरी बाळ जन्मले तर ते रांगू लागल्यावरच त्याची पहिली भेट होते. त्या वर्षभरात मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी सांभाळणारी गृहिणी हीसुद्धा त्या मोहिमेची सदस्यच मानली पाहिजे, जरी तिचे नाव यादीत नसले तरी!

टपालाचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत. दक्षिण गंगोत्रीवर १९८४ साली, पुढे मैत्रीवर आणि ५ एप्रिल २०२४ रोजी भारतीवर टपाल कार्यालय सुरू झाले. ते गोवा विभागाच्या, म्हणजे महाराष्ट्र परिमंडळाच्या कक्षेत येते आणि त्याच्या सांकेतिक क्रमांकाचा आरंभ 'एमएच' या अक्षरांनीच होतो.

येथील तरुणांसाठी एक माहिती. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. या केंद्रांसाठी वाहन-यंत्रज्ञ, वीजतंत्री, वेल्डर, सुतार, स्वयंपाकी, परिचारक अशा जागा तेथून वेळोवेळी जाहीर होतात. आयटीआय झालेल्या मुलाने आपले हे क्षेत्र नव्हे असे समजू नये. निवड झालेल्यांची दिल्लीला 'एम्स'मध्ये शरीराची आणि मनाची तपासणी होते. त्यानंतर उत्तराखंडातील औलीला भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या जवानांकडून बर्फावरचे प्रशिक्षण मिळते. अर्ज भरण्यापूर्वी मात्र घरच्यांशी नीट बोलून घ्यावे. मार्चनंतर मन बदलले, तर नोव्हेंबरमध्ये केपटाउनहून पहिले विमान येईपर्यंत परतीचा मार्ग नसतो.